एमजीबीच्या मागच्या सीलमधून ऑइल गळतंय, इंजिन उतरवावं का?

तुम्ही लिहिलंय की तुमची एमजीबी (जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार) १९६७ ची आहे, बेलहाउसिंगखाली (इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणाऱ्या कवचाखाली) रोज ऑइल टपकतं आणि मेकॅनिक क्रँकशाफ्टच्या मागच्या टोकाचं, ऑइल अडवणारं सील बदलायला इंजिन उतरवू म्हणतोय. त्याला थोडं थांबवा. माझ्या १९६६ च्या एमजीबीचं मी हेच केलं होतं. इंजिन उतरवलं, नवं सील घातलं आणि तीन आठवड्यांत जमिनीवर पुन्हा डाग! जुन्या सीलचा दोषच नव्हता. क्रँककेसचा, म्हणजे इंजिनाच्या खालच्या पोकळीचा, श्वास कोंडला होता.

पिस्टनवरच्या रिंगा कितीही चांगल्या असल्या तरी थोडा गॅस पिस्टनच्या कडेने खाली उतरतोच. त्याला वाट मिळाली नाही की आत दाब वाढतो आणि ऑइल सापडेल त्या फटीतून बाहेर येतं. तुमच्या इंजिनात ताजी हवा ऑइल फिलरच्या झाकणातल्या फिल्टरमधून आत येते. गॅस पुढच्या टॅपेट कव्हरवरच्या (इंजिनाच्या बाजूच्या पत्र्याच्या झाकणावरच्या) डब्यातून नळीने स्मिथ्स कंपनीच्या व्हॉल्व्हमध्ये आणि तिथून इनलेट मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे सिलिंडरांना हवा-पेट्रोल पुरवणाऱ्या नळांमध्ये, ओढला जातो.

आधी ही तपासणी करा. इंजिन नीट गरम झालं की आयडलिंगवर (गाडी उभी, पाय अॅक्सिलरेटरवर नाही) ते फिलरचं झाकण काढा. इंजिनाचा वेग साधारण २०० आरपीएमने (मिनिटाला २०० फेऱ्यांनी) वाढला पाहिजे, कानाला सहज कळतं. काहीच बदललं नाही तर व्हॉल्व्ह उघडून साफ करा आणि आतला रबरी डायफ्रॅम बघा. तो फाटला असेल तर मॅनिफोल्ड ऑइल ओढून घेतं, निळा धूर येतो आणि लोक रिंगा गेल्या समजून इंजिन उघडतात. फार वाईट वाटतं ते बघून.

माझ्याकडे मात्र व्हॉल्व्ह ठीक होता, त्या डब्यातली तारेची जाळी बुजली होती. इंग्लंडच्या थंडीत गाडी दोन-तीन मैलच फिरवायची, त्यामुळे आतली वाफ ऑइलमध्ये मिसळून लोण्यासारखा गाळ झाला होता. जाळी बाहेर निघत नाही. अख्खं कव्हर काढून रात्रभर केरोसीनमध्ये बुडवून ठेवलं, दोनदा.

ऑइल फिलरचं झाकण मूळचं, फिल्टरवालंच हवं, दर १२,००० मैलांनी नवं. चकचकीत बंद झाकण बसवलंत तर ताजी हवा येणार नाही आणि व्हॉल्व्ह आतून ऑइलच खेचेल.

टॅपेट कव्हर परत बसवताना गॅस्केट नवी घाला, पण मधला बोल्ट फार आवळू नका. पत्रा वाकतो, तिथून ऑइल ब्लॉकवरून मागे ओघळतं आणि दिसताना अगदी सील गेल्यासारखंच दिसतं.