सरपणाच्या कामाला टिकणारे हातमोजे कोणते घ्यावे?

भाऊ, तुम्ही लिहिलंय की सुती मोजे पंधरा दिवसांत फाटतात म्हणून टिकाऊ कोणते घ्यायचे ते सांगा. पण तुमच्याकडे सरपण कशाचं आहे त्यावर सगळं अवलंबून आहे. आम्ही यवतमाळकडचे, आमच्या घरी पऱ्हाटी म्हणजे कापसाच्या काड्या, तुराटी म्हणजे तुरीच्या काड्या आणि धुऱ्यावरची, म्हणजे बांधावरची बाभूळ तिन्ही जळतं, आणि या सगळ्याला एकच मोजा पुरत नाही.

पऱ्हाटी-तुराटीला काटा नसतो पण मोळ्या बांधून बांधून तळवा सोलून निघतो, तिथे तळव्याला रबराचा नाहीतर नायट्राईलचा (एक प्रकारचं कृत्रिम रबर) थर असलेले, मागून विणलेले मोजे घ्या. घाम कमी येतो, पकड चांगली बसते, स्वस्तही पडतात. पांढऱ्या सुती मोज्यांवर रबरासारखे ठिपके असतात ते घेऊच नका, ते ठिपकेच आधी उडून जातात.

बाभळीला मात्र चामडंच पायजे. दोन वर्षांमागे माझ्या मायनं असेच सुती मोजे घालून बाभळीच्या फांद्या ओढल्या, काटा बोटाच्या पेरात घुसला आणि आतच मोडला. वरून नुसता काळा ठिपका दिसायचा, तिला वाटलं निघाला. आठ दिवसांनी पेर सुजून बोट वळेना, शेवटी डॉक्टरनं चिरून नखाएवढा तुकडा काढला, कापूस वेचणाऱ्या बाईचं ते बोट, पूर्ण महिना गेला. तेव्हापासून मी मोजे नीट बघूनच घेतो.

चामड्यात गुळगुळीत येतं ते कातडीच्या वरच्या थराचं, ते जास्त मजबूत. दोन्हीकडून खरखरीत असतं त्याला दुकानदार स्प्लिट म्हणतात, ते स्वस्त, तेही चालतं पण जाड बघून घ्या. फांद्या कवेत घेऊन आणायच्या असतील तर वेल्डिंगवाल्याचे कोपरापर्यंत येणारे लांब मोजे बेस्ट, मनगटाच्या वर ओरखडे येत नाहीत, फक्त आतून अस्तर असतं म्हणून एप्रिलमध्ये हात शिजतो.

दुकानात गेल्यावर आधी शिवण बघा, चामडं फाटायच्या आधी धागाच तुटतो, आणि तोही अंगठा आणि पहिल्या बोटाच्या मधल्या खाचेत, तिथे दुहेरी शिवण किंवा वरून जास्तीचा तुकडा लावलेला असला तर घ्या. चांगल्या मोज्यावर हातोड्याचं चित्र, ईएन ३८८ (कामाच्या मोज्यांची युरोपातली चाचणी) आणि खाली चार आकडे असतात. पहिला घासण्याचा, दुसरा कापण्याचा, तिसरा फाटण्याचा, चौथा टोचण्याचा. सरपणाला पहिला आणि चौथा बघायचा, दोन्हीत ४ सगळ्यात वरचा. पण चौथ्यावर डोळे झाकून विश्वास ठेवू नका, ती टेस्ट साडेचार मिलिमीटर जाड बोथट खिळ्यानं करतात, बाभळीचा काटा त्याच्यापेक्षा कितीतरी बारीक, तो ४ वाल्यातूनही जाऊ शकतो.

साईज पण बघा, गावच्या दुकानात बहुतेक १० नंबरच मिळतो आणि सरपण तर घरोघरी बायाच आणतात, त्यांच्या हाताला ७ नाहीतर ८ लागतो. अंगठा सोडून तळव्याभोवती टेप फिरवा, जितके इंच तितका नंबर. बोटाच्या पुढे रिकामं टोक लोंबलं की तेच काड्यांत अडकतं. मायसाठी मी ८ नंबर मुद्दाम यवतमाळहून आणला.

कुऱ्हाड चालवताना जाड मोजे काढून ठेवा, दांडा हातातून निसटतो. आरा मशीनजवळ तर कोणतेच मोजे नकोत, फिरत्या पात्यात मोज्याचं टोक गेलं की हातच आत ओढला जातो.

भिजले तर चुलीजवळ ठेवू नका, चामडं पापडासारखं कडक होऊन तडकतं. सावलीत वाळवा आणि महिन्यातून एकदा थोडं एरंडीचं तेल चोळा. आपल्याकडे जवसाचं तेल घरात असतं म्हणून तेच लावलं जातं, ते नका लावू, ते वाळून घट्ट होतं आणि चामडंही ताठ करतं.

आणि ढिगात हात घालायच्या आधी काडीनं दोन-चार लाकडं हलवून घ्या, इचू-साप खालीच बसलेले असतात आणि सापाचा दात मोज्यानं अडेलच असं नाही. मोजेही खिळ्याला टांगून ठेवायचे, घालायच्या आधी उलटे करून झटकायचे, माय आता रोज सकाळी सपरीत तेच करते.