गोदामात जागा, पण बारनिशी तुंबलेली

प्रश्न : नागपूरच्या रामदासपेठेत आमचे सनदी लेखापालांचे कार्यालय असून आम्ही चौदा जण तेथे काम करतो. बावीस वर्षांतील क्लायंटचे स्कॅन केलेले कागद आम्ही क्लाउडवर ठेवतो आणि ते प्रत्येक संगणकावर सिंक होतात, म्हणजे क्लाउडवरची आणि संगणकावरची प्रत आपोआप सारखी राहते. एकूण साठा ६१० जीबी आहे आणि फायली सुमारे ४ लाख २० हजार आहेत. जुना सिंक प्रोग्राम काढून नवा बसवायचे ठरले, तेव्हा संगणकांचे काम पाहणाऱ्या एजन्सीने ‘१ टीबी जागा आहे, काळजी नको’ असे सांगितले. पहिल्या दोन संगणकांवर नवा प्रोग्राम बसवून चार दिवस झाले, तरी तो ‘बदल तपासत आहे’ एवढेच दाखवतो. जागा शिल्लक असताना असे का व्हावे? उरलेल्या बारा संगणकांचे काम पोळा आणि तान्हा पोळा या लागून येणाऱ्या दोन दिवसांत उरकावे, असा आमचा विचार आहे.
– एक वाचक, रामदासपेठ, नागपूर

उत्तर : एजन्सीने तुम्हाला गोदामाचे क्षेत्रफळ सांगितले, पण तुमची अडचण बारनिशीत, म्हणजे आवक-जावक नोंदींत आहे. सिंक प्रोग्राम आपल्या संगणकावर प्रत्येक फाइलची नोंद स्वतंत्रपणे ठेवतो. फाइलचे नाव, ती कोणत्या फोल्डरात आहे, शेवटचा बदल केव्हा झाला आणि क्लाउडवरची प्रत तीच आहे की वेगळी, हे सर्व त्या नोंदीत असते आणि प्रोग्राम नव्याने बसवला की ही नोंदवही कोऱ्या पानापासून लिहावी लागते. एका पानाची फाइल असो की हजार पानांची, नोंद एकच. म्हणूनच साठ एमबीची एक फाइल लवकर चढते, आणि एक-एक एमबीच्या साठ फायली रेंगाळतात, कारण प्रत्येक फाइलमागे सर्व्हरशी विचारपूस वेगळी करावी लागते. तुमच्याकडे अशा ४ लाख २० हजार नोंदी आहेत आणि चौदाही संगणकांवर प्रोग्राम बसला की त्या चौदा ठिकाणी लिहिल्या जातील.

प्रोग्रामचे नाव आपण कळवलेले नाही, त्यामुळे सर्रास वापरल्या जाणाऱ्या तिन्हींचे आकडे देतो. मायक्रोसॉफ्टच्या वनड्राइव्ह आणि शेअरपॉइंटसाठी, सिंक केलेल्या सर्व लायब्ररी (म्हणजे फायलींची सामाईक कपाटे) मिळून ३ लाखांपेक्षा जास्त फायली असू नयेत, अशी कंपनीचीच शिफारस आहे. ही शिफारस आहे, कुलूप नव्हे; ३ लाख एकावी फाइल कोणी परत पाठवत नाही, पण काम मंदावत जाते. एका लायब्ररीत ३ कोटी फायली ठेवता येतात, हेही तितकेच खरे आहे, आणि गोंधळ नेमका येथेच होतो, कारण क्लाउडवर ठेवण्याची मर्यादा वेगळी आणि संगणकाशी जुळवत राहण्याची मर्यादा वेगळी. या कंपनीच्या आधीच्या सिंक प्रोग्रामला शेअरपॉइंटच्या एका लायब्ररीसाठी ५,००० आणि वनड्राइव्हसाठी २०,००० अशी मर्यादा होती; त्या काळचे लोक आजही तेच आकडे सांगताना आढळतात. ड्रॉपबॉक्सही डेस्कटॉपवरचा वेग ३ लाख फायलींनंतर उतरू शकतो, असेच सांगते. गूगल ड्राइव्हच्या शेअर्ड ड्राइव्हला मात्र ५ लाखांची पक्की मर्यादा आहे आणि तिच्यात फोल्डर, शॉर्टकट आणि कचरापेटीतल्या फायलीसुद्धा मोजल्या जातात. तुमच्या ४ लाख २० हजारांत फोल्डर धरलेले नसतील, तर तेथेही तुम्ही काठावरच आहात.

येथे एजन्सी बहुधा दोन उपाय सुचवील आणि दोन्ही अपुरे आहेत. पहिला, फायली मागणीनुसार उतरवण्याची सोय सुरू करणे. तिच्यामुळे संगणकाची डिस्क वाचते, पण न उतरवलेल्या फाइलचीही नोंद राहतेच. दुसरा, मोजकेच फोल्डर निवडून सिंक करणे. शेअरपॉइंटच्या बाबतीत तोही पुरत नाही. लायब्ररीच ३ लाखांवर गेलेली असेल, तर तिच्यातले चारच फोल्डर घेतले तरी मंदपणा येऊ शकतो. लायब्ररी फोडावी लागते. माझ्या मते तुमच्या कार्यालयाने चालू कामाची एक आणि मिटलेल्या वर्षांची दुसरी, अशा दोन लायब्ररी कराव्यात आणि दुसरी कोणीही सिंक करू नये. लागेल तेव्हा ती ब्राउझरमध्ये उघडावी. २००७ सालचे विवरणपत्र चौदा संगणकांवर रोज ताजे ठेवण्याची गरज कोणाला आहे?

कोणते कागद मागे टाकावेत, हे तुम्हाला मी सांगणे म्हणजे संत्र्याच्या गावात संत्री विकणे. तरी कंपनी कायद्याप्रमाणे हिशेबाची पुस्तके आठ आर्थिक वर्षे आणि सनदी लेखापाल संस्थेच्या मानकांप्रमाणे लेखापरीक्षणाचे कार्यपत्र किमान सात वर्षे जपावे लागतात, म्हणून आठ वर्षांची रेघ सोयीची वाटते. रेघेपलीकडचे पुसायचे नाही, केवळ सिंकबाहेर न्यायचे.

आता तुमच्या आकड्यांकडे पुन्हा पाहू. ६१० जीबीला ४ लाख २० हजारांनी भागले, तर एक फाइल सरासरी दीड एमबीच्या आसपास येते. हा आकार स्कॅन केलेल्या एका पानाचा आहे. म्हणजे तुमच्याकडे स्कॅनर प्रत्येक पानाची वेगळी जेपीजी फाइल करतो, असा माझा कयास आहे. तो खरा असेल आणि समजा त्यांतील ३ लाख फायली अशा सुट्या पानांच्या असतील, तर वीस-वीस पानांचे एक प्रकरण धरून त्यांच्या पीडीएफ केल्यास १५,००० फायली होतील आणि एकूण आकडा १ लाख ३५ हजारांवर येईल. कागद तेवढेच राहतील आणि जीबीही जवळपास तेवढेच राहतील. स्कॅनरच्या सेटिंगमध्ये ‘अनेक पानांची एक पीडीएफ’ हा पर्याय आजच निवडून ठेवा, कारण जुने जोडत असताना नवी सुटी पाने पडत राहिली, तर काम कधीच संपणार नाही. एक सावधगिरी मात्र बाळगा. डिजिटल स्वाक्षरी असलेली पीडीएफ दुसऱ्या फाइलला जोडली की ती स्वाक्षरी ग्राह्य राहत नाही. फॉर्म १६ सारखे कागद म्हणूनच जसेच्या तसे ठेवा.

टॅली या हिशेबाच्या प्रोग्रामचा चालू डेटा सिंक फोल्डरात असेल, तर तो आधी बाहेर काढा. सतत लिहिल्या जाणाऱ्या फायली सिंक प्रोग्रामच्या तोंडी देऊ नयेत. तेथे फक्त बॅकअपची प्रत ठेवावी.

अडकलेल्या दोन संगणकांपैकी एकावरचे सिंक थांबवा आणि दुसऱ्याला काम पुरे करू द्या. प्रोग्राम पुन्हा पुन्हा काढून बसवण्याचा मोह टाळावा, कारण दर वेळी मोजणी पहिल्यापासून सुरू होते. जुना आणि नवा असे दोन सिंक प्रोग्राम एकाच फोल्डरावर चालू नाहीत ना, हेही पाहा. मूळ फायलींची एक प्रत बाहेरच्या हार्डडिस्कवर काढून ती कपाटात ठेवा. सिंक म्हणजे बॅकअप नव्हे, एका टेबलावर पुसलेले चौदाही टेबलांवर पुसले जाते.

पोळ्याच्या बेताबद्दल मात्र माझी स्पष्ट नापसंती आहे. सुट्टीचे दोन दिवस मोजणीलाही पुरणार नाहीत, आणि त्यानंतर लगेच सप्टेंबरअखेरच्या लेखापरीक्षण अहवालांची घाई सुरू होते. फायली जोडण्याचे आणि लायब्ररी फोडण्याचे काम आताच हाती घ्या. बारा संगणक दिवाळीनंतर, दिवसाला दोन याप्रमाणे घ्या.

प्रश्न : आमची शेतकरी उत्पादक कंपनी संत्र्याच्या खरेदीची नोंद मराठी नावांच्या फोल्डरांत ठेवते. जुन्या प्रोग्राममध्ये चालणाऱ्या फायलींना नवा प्रोग्राम ‘नाव फार लांब’ म्हणून अडवतो. फायली तर पाच हजारही नाहीत. मराठीचेच वावडे आहे काय?
– एक वाचक, काटोल, जि. नागपूर

उत्तर : वावडे नाही, पण मोजण्याची रीत आपल्या सवयीची नाही. संगणक काना, मात्रा, अनुस्वार आणि हलन्त वेगवेगळे मोजतो. ‘संत्रा’ ही आपल्या लेखी दोन अक्षरे, संगणकाच्या लेखी सहा वर्ण. ‘महाराष्ट्र’ चार अक्षरे, पण दहा वर्ण. वनड्राइव्ह आणि शेअरपॉइंटवर सगळ्या फोल्डरांच्या नावांसह फाइलचा पूर्ण पत्ता ४०० वर्णांत बसावा लागतो, तर विंडोजमधील कित्येक प्रोग्राम अजून २६० वर्णांपाशीच थांबतात.

जुन्यात चालले आणि नव्यात अडले, याचे कारण बहुतेकदा फोल्डरच्या जागेत सापडते. पूर्वी ‘डी’ ड्राइव्हवर थेट असलेला फोल्डर नव्या प्रोग्राममध्ये वापरकर्त्याच्या नावाखाली, त्याच्या आत संस्थेच्या नावाखाली आणि मग लायब्ररीच्या नावाखाली जातो. संस्थेचे नोंदणीकृत लांबलचक नाव मराठीत लिहिलेले असेल, तर पहिली फाइल येण्यापूर्वीच साठ-सत्तर वर्ण खर्ची पडतात. कार्यालयात लिनक्सवर चालणारी नॅस (नेटवर्कला जोडलेली सामाईक साठवणपेटी) असेल, तर तेथे एका नावाला २५५ बाइटची मर्यादा असते आणि देवनागरीचा प्रत्येक वर्ण तीन बाइट घेतो, म्हणजे हाती उरतात ८५ वर्ण.

मराठी नावे सोडू नका. फोल्डरांची उतरंड कमी करा. ‘संत्रा खरेदी हंगाम आंबिया बहार’ या फोल्डरात पुन्हा ‘आंबिया बहार संत्रा खरेदी पावत्या’ कशाला? ‘आंबिया’ आणि त्याच्या आत ‘पावत्या’ एवढे पुरते. नावे बदलण्याचे काम एकाच व्यक्तीने ब्राउझरमधून करावे आणि तोवर बाकीच्यांचे सिंक थांबवून ठेवावे. प्रत्येकाने आपापल्या संगणकावर दुरुस्ती केली, तर एकाच पावतीच्या दोन-तीन प्रती तयार होतात आणि त्यांतली खरी कोणती, हे खरेदी केंद्रावरच्या माणसालाच विचारावे लागते.