तोटा होत असूनही कारखाना चालू का ठेवतात?

कारण बंद ठेवला तरी तोटा थांबत नाही, उलट बऱ्याचदा वाढतो. जागेचं भाडं, कर्जाचे हप्ते, विमा हा स्थिर खर्च माल बनवा न बनवा, द्यावाच लागतो. समजा तो महिन्याला 50,000 आहे. एका नगामागे कच्चा माल, वीज, मजुरी मिळून 70 लागतात आणि बाजारात भाव 90 मिळतो. 1,000 नग विकले की नगामागे 20 उरतात, म्हणजे 20,000 वसूल. तोटा 30,000. कुलूप लावलं तर पुरते 50,000 अंगावर. आकडेमोड एवढीच आहे, पण ती न करता घाईने धंदा गुंडाळणारे पाहिले की वाईट वाटतं.

भाव 70 च्या खाली गेला की मात्र थांबावं, कारण मग प्रत्येक नग तोट्यात भरच घालतो. याला अपवाद आहेत. काचेची भट्टी वर्षानुवर्षं अखंड पेटती ठेवतात, थंड केली तर आतल्या विटांना तडे जातात.

हे गणित थोड्या काळापुरतंच. भाडेकरार संपला, यंत्र विकता आलं की स्थिर खर्चही टाळता येतो. तेव्हा काही स्पर्धक बाहेर पडतात, बाजारातला माल घटतो आणि टिकलेल्यांना भाव सुधारून मिळतो.