टकिला, तोर्तिया आणि घायपात

दादरला राहणाऱ्या एका वाचकांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. लोअर परळमध्ये नव्याने उघडलेल्या एका मेक्सिकन उपाहारगृहात ते मुलगा आणि सून यांच्यासह जेवायला गेले होते. दारावरच्या पाटीवर ‘टकीला बार’ असे लिहिले होते आणि आतल्या फळ्यावर ‘टकिला’. मुलाने ‘टॉर्टिला’ हा पोळीसारखा पदार्थ मागवला, तर वाढप्याने ‘तोर्तिया’ म्हणून तोच पदार्थ आणून ठेवला. दोन्ही शब्दांच्या शेवटी ‘ला’ दिसत असताना एकाचा ‘या’ होतो आणि दुसऱ्याचा का होत नाही, मराठीत नेमके काय लिहावे, ‘टकिला घेतला’ म्हणावे की ‘घेतली’, आणि ज्या वनस्पतीपासून ही दारू होते तिला त्या फळ्यावर ‘निवडुंग’ म्हटले होते ते बरोबर आहे का, असे त्यांचे विचारणे आहे.

प्रश्नाचा पहिला भाग सोपा आहे. मेक्सिकोची भाषा स्पॅनिश. रोमन लिपीत लिहिलेल्या स्पॅनिशमध्ये एकच ‘एल’ असेल तर त्याचा उच्चार आपल्या ‘ल’सारखा होतो आणि दोन ‘एल’ जोडून आले तर मेक्सिकोत त्यांचा उच्चार ‘य’ होतो. टकिला या शब्दात ‘एल’ एकच आहे, म्हणून तिथे ‘ला’ राहतो; तोर्तिया आणि केसादिया या शब्दांत तो जोडून येतो, म्हणून तिथे ‘या’. वाढप्याचा उच्चार बरोबर होता. आपल्या मुलाचा उच्चार इंग्रजी वाचनातून आलेला होता आणि त्यात त्याचा दोष काही नाही, कारण मुंबईत हे शब्द आपल्याला कानांना भेटण्याआधी डोळ्यांना भेटतात, आणि तेही रोमन लिपीत.

याच ठिकाणी मला थोडे थांबावेसे वाटते, कारण खरा प्रश्न ‘ल’ आणि ‘य’ यांचा नसून ‘ट’ आणि ‘त’ यांचा आहे. स्पॅनिशमधला ‘त’ उच्चारताना जिभेचे टोक वरच्या दातांना टेकते, म्हणजे तो जवळजवळ आपला ‘त’च आहे. इंग्रजीत त्याच अक्षराचा उच्चार करताना जीभ दातांच्या मागे, हिरड्यांवर टेकते, आणि आपल्या कानाला तो ‘ट’ ऐकू येतो. म्हणून जो शब्द इंग्रजीच्या वाटेने येतो त्यात आपण ‘ट’ घालतो. टेबल, टायर, टाय, मोटार ही उदाहरणे रोजची आहेत. जे शब्द पोर्तुगीजांच्या तोंडून थेट आपल्या कानांवर पडले, त्यांची गोष्ट वेगळी आहे. वसईवर १५३४ पासून १७३९ पर्यंत, म्हणजे चिमाजी अप्पांनी ती जिंकून घेईपर्यंत, पोर्तुगीजांचा अंमल होता, आणि वसई, मुंबई, चौल, गोवा या पट्ट्यातल्या लोकांनी त्यांचे शब्द ऐकून उचलले, वाचून नव्हे. ‘फिता’पासून आपली ‘फीत’ झाली, ‘प्रातो’पासून ‘परात’, ‘त्रोंको’पासून ‘तुरुंग’, ‘कार्तुचो’पासून ‘काडतूस’. या चारही शब्दांत ‘त’ आहे. पोर्तुगीज ‘त’ हा स्पॅनिश ‘त’सारखाच दंत्य असतो, आणि मराठी कानाने तो अचूक पकडला. नियमाला अपवाद आहेतच. ‘बटाटा’ पोर्तुगीजांकडून येऊनही ‘ट’ घेऊन आला, आणि ‘तिकीट’ इंग्रजी असूनही सुरुवातीला ‘त’ घेऊन बसला. शब्द ज्या काळी, ज्या माणसांच्या तोंडून रुळतो त्या माणसांचाही त्यावर हात फिरतो, त्यामुळे असे अपवाद मला त्रासदायक वाटत नाहीत. पण एकूण कल स्पष्ट आहे, तो असा की कानांनी घेतलेल्या शब्दाला ‘त’ आणि रोमन अक्षरांतून घेतलेल्या शब्दाला ‘ट’.

म्हणून माझे मत असे आहे. ज्या शब्दाचे रूप मराठीत रुळले आहे ते मोडू नये. ‘टकिला’ रुळलेला आहे. त्याचे ‘तेकिला’ करायला निघालो तर मूळ उच्चाराच्या जवळ जाऊ, पण वाचक गोंधळेल, आणि याच न्यायाने ‘मेक्सिको’चेही ‘मेहिको’ करावे लागेल, कारण तिथले लोक आपल्या देशाचे नाव तसेच उच्चारतात. मात्र ज्या शब्दांचे रूप अजून ठरलेले नाही, जे आज चार उपाहारगृहांत चार प्रकारांनी लिहिले जातात, ते स्पॅनिशच्या उच्चारावरून घ्यावेत, इंग्रजी वाचनावरून नव्हे. देवनागरीला त्यासाठी काही कमी पडत नाही. उलट इंग्रजीला जी अडचण होते ती आपल्याला होतच नाही, कारण ‘त’ आणि ‘द’ आपल्याकडे स्वतंत्र अक्षरे म्हणून आहेत. तेव्हा ‘टॉर्टिला’ऐवजी तोर्तिया, ‘केसाडिला’ऐवजी केसादिया, ‘टॅको’ऐवजी ताको, ‘फजिटा’ऐवजी फाहिता, ‘मार्गारिटा’ऐवजी मार्गारिता. स्पॅनिशमध्ये ‘जे’ या अक्षराचा उच्चार ‘ह’च्या जवळचा, घशातून येणारा असतो, आणि ‘एन’वर नागमोडी रेघ असेल तर तो ‘कन्या’ किंवा ‘धान्य’ यांतल्या ‘न्य’सारखा होतो, म्हणून त्या हिरव्या मिरचीचे नाव ‘जलापेनो’ नसून हालापेन्यो आहे. वेराक्रूस राज्यातील हालापा या शहरावरून ते पडले आहे, म्हणजे कोल्हापूरवरून ‘कोल्हापुरी’ व्हावे तसेच हे ‘हालापाचे’.

गावाच्या नावाचा विषय निघाला आहे म्हणून सांगतो, टकिला हेही गावाचेच नाव आहे. हालिस्को राज्यातल्या या गावाने आपले नाव जसेच्या तसे, कोणताही प्रत्यय न लावता, दारूला दिले. पैठणच्या साडीला आपण ‘पैठणी’ म्हणतो. इथे साडीलाच ‘पैठण’ म्हटल्यासारखे झाले आहे. हे नाव १९७४ पासून मेक्सिकोत कायद्याने राखीव आहे, आणि संपूर्ण हालिस्को व आणखी चार राज्यांमधील ठरावीक भागांतच, एका ठरावीक वनस्पतीपासून केलेल्या दारूला ते लावता येते. टकिलाच्या परिसरातील त्या वनस्पतीची शेते आणि जुने कारखाने यांना २००६ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले.

आता ‘टकीला’ की ‘टकिला’. मराठी साहित्य महामंडळाच्या ज्या लेखनविषयक नियमांना राज्यशासनाने १९६२ मध्ये मान्यता दिली, त्यांनुसार मराठी शब्दाचे शेवटचे अक्षर दीर्घ असेल तर त्याआधीचा इकार किंवा उकार ऱ्हस्व लिहावा. किडा, विळा, महिना, पाहुणा ही त्याची नेहमीची उदाहरणे. ‘परीक्षा’, ‘क्रीडा’ असे तत्सम शब्द त्यातून सुटतात, परंतु टकिला हा काही संस्कृतातून आलेला शब्द नव्हे, त्यामुळे तो ऱ्हस्वच लिहावा. पाटी लिहिणाऱ्याने ‘की’ दीर्घ का केली हेही समजण्यासारखे आहे. स्पॅनिशमध्ये ऱ्हस्व आणि दीर्घ असा अर्थ बदलणारा भेद नाही, आघाताचा आहे, आणि या शब्दात आघात ‘कि’वर पडतो, तो आपल्या कानाला लांबल्यासारखा वाटतो. उच्चारताना तो तसा लांबवायला काहीच हरकत नाही. आपण ‘महिना’ म्हणतानाही ‘हि’ नेहमी घड्याळ लावून आखूड करत नाही. लिहिताना मात्र नियम पाळावा, विशेषतः २०२२ च्या कायदादुरुस्तीनंतर लहानमोठ्या सर्वच आस्थापनांना देवनागरीत मराठी पाटी लावणे बंधनकारक झाले असल्यामुळे. त्या पाट्यांवर जे लिहिले जाईल तेच येत्या दहा वर्षांत मुंबईत रुळणार आहे, आणि रंगाऱ्याच्या हातात शब्द जाण्याआधी कोणीतरी तो पाहून दिला पाहिजे, असे मला मनापासून वाटते.

लिंगाबद्दल फार शंका नाही. स्पॅनिशमध्ये हा शब्द बहुधा पुल्लिंगी चालतो, पण मराठीने ‘दारू’ या शब्दाच्या मागे सगळ्या दारूंना स्त्रीलिंगी केले आहे. ताडी, माडी, फेणी, व्हिस्की, रम, व्होडका या सगळ्या ‘ती’ आहेत, तेव्हा टकिलाही ‘घेतली’. तोर्तियासुद्धा पोळी आणि भाकरी यांच्या मागे स्त्रीलिंगी व्हावी. मग ‘शाळा’प्रमाणे एक तोर्तिया, चार तोर्तिया असे अनेकवचनही बिनत्रासाचे होते. ताको मात्र ‘टोमॅटो’च्या, ‘फोटो’च्या रांगेत बसतो: तो ताको, ताकोत, ताकोचा. टकिलाचे सामान्यरूप थोडे अडते. ‘सोडा’ जुना आणि पुल्लिंगी, म्हणून आपण सहज ‘सोड्याची बाटली’ म्हणतो. ‘शाळेची’प्रमाणे ‘टकिलेची बाटली’ म्हटले तर व्याकरणाला धरून होईल, पण आज बोलण्यात ‘टकिलाची’च ऐकू येते. मी ‘टकिलाची’ लिहितो. ‘टकिलेची’ कोणी लिहिले तर मी ते खोडणार नाही.

राहिला निवडुंग, आणि आपल्या पत्रातला हाच भाग मला सर्वांत मोलाचा वाटला. फळ्यावरचा शब्द चुकीचा आहे. निवडुंगाचे, म्हणजे आपल्याकडच्या फड्या निवडुंगाचे, मूळ मेक्सिकोतच आहे आणि तिथे त्याचे कोवळे फड काटे काढून भाजी म्हणून खातात, त्यामुळे अशा उपाहारगृहाच्या यादीत खरा निवडुंगही एखाद्या दिवशी येऊ शकतो. मग दोन वेगळ्या गोष्टींना एकच नाव पडेल. टकिला ज्या वनस्पतीपासून करतात ती निवडुंगाच्या कुळातली नाहीच. वनस्पतिशास्त्र तिला आज शतावरीच्या कुळात घालते, आणि तिच्या जातीला, म्हणजे अगाव्हेला, मराठीत जुना, चांगला, खेड्यापाड्यांतल्या लोकांना ठाऊक असलेला शब्द आहे: घायपात. काही भागांत तिला केकताड म्हणतात. रेल्वेमार्गाच्या कडेला, शेताच्या बांधावर, तलवारीसारख्या जाड, टोकाला काटा असलेल्या पात्यांचा हा झुबका महाराष्ट्रात बहुतेकांनी पाहिलेला असतो. आपल्याकडे तो कुंपणासाठी आणि वाखासाठी लावला गेला. ही पाती कुजवून किंवा ठेचून जे धागे निघतात त्यांना वाख म्हणतात आणि त्यांचे दोर वळतात. बाजारात याच वाखाला ‘सिसल’ म्हणतात, आणि हे सिसल म्हणजेही मेक्सिकोच्या युकातान किनाऱ्यावरचे एक बंदर, जिथून हा माल जगभर जाई.

आपण पात घेतली आणि त्यांनी गड्डा घेतला, एवढाच काय तो फरक. टकिलासाठी लागणाऱ्या जातीला तिच्या रंगावरून निळा घायपात म्हणता येईल. तो बरीच वर्षे वाढू देतात, फुलाचा दांडा वर येऊ देत नाहीत, आणि मग सगळी पाती छाटून मधला गड्डा काढतात. पाती छाटलेला हा गड्डा अननसासारखा दिसतो, म्हणून तिकडे त्याला ‘पिन्या’, म्हणजे अननसच, म्हणतात. मराठीत ‘गड्डा’ हा शब्द कोबीपासून सुरणापर्यंत सगळीकडे चालतो आणि इथेही तो नेमका बसतो. गड्डा भाजून किंवा वाफवून त्यातला गोडवा बाहेर आणायचा, ठेचून रस काढायचा, तो आंबवायचा आणि दोनदा गाळायचा. ‘गाळणे’ हा हातभट्टीचा आणि फेणीचा शब्द आहे, आणि ‘ऊर्ध्वपातन’ या शब्दाची गरज प्रयोगशाळेबाहेर पडू नये असे मला वाटते. टकिलाची मोठी बहीण मेस्काल. तिचे नाव मेक्सिकोतल्या मूळ रहिवाशांच्या नावात्ल भाषेतले आहे आणि त्याचा अर्थच ‘शिजवलेला घायपात’ असा होतो.

बाटलीवरच्या तीन शब्दांचा उलगडाही आपण विचारला असता, असे गृहीत धरतो. ‘ब्लांको’ म्हणजे पांढरी, बहुतेक वेळा गाळल्यावर लगेच भरलेली. ‘रेपोसादो’चा शब्दशः अर्थ विसावलेली, आणि ‘अन्येहो’ म्हणजे जुनी. रेपोसादो विसावते ती ओकच्या लाकडात किमान दोन महिने, अन्येहो किमान एक वर्ष. मराठीत या दोन्हींसाठी लोणच्याचा शब्द तयार आहे, तो म्हणजे मुरणे. ज्यात ती मुरते त्या लाकडी भांड्यालाही शब्द शोधावा लागत नाही. पोर्तुगीज दारूच्या ‘पिपा’वरून आलेले आपले ‘पिंप’ आहे, जे आज आपण पाण्याला वापरतो. तेव्हा त्या फळ्यावर मला ओळ लिहायला सांगितली, तर मी अशी लिहीन: निळ्या घायपाताच्या गड्ड्यापासून गाळलेली, ओकच्या पिंपात दोन महिने मुरवलेली टकिला.