गॅरेजची ट्यूब लुकलुकतेय? आधी होल्डर बघ

अरे लगेच नवीन ट्यूब आणायला पळू नकोस, आपल्या मालवण-देवगड पट्ट्यात बऱ्याचदा दोष ट्यूबचा नसतोच, खाऱ्या हवेने होल्डरच्या पितळी पट्ट्यांवर हिरवट थर चढतो आणि कॉन्टॅक्ट सुटतो. आधी गॅरेजचा एमसीबी (मेन बोर्डातला त्या लाइनची वीज तोडणारा खटका) पाड, नुसतं बटण बंद करून भागत नाही, जुन्या वायरिंगमध्ये कधीकधी बटण न्यूट्रलवर (परतीच्या वायरवर) असतं नि फेज, म्हणजे करंट आणणारी वायर, होल्डरपर्यंत तशीच जिवंत राहते. टेस्टर आधी दुसऱ्या चालू प्लगवर लावून पेटतोय ना बघ, मगच इथे लाव.

मग पट्ट्या पॉलिश पेपरने घास, स्क्रू आवळ. माझा बोर्ड उघडला तर आत मुंग्यांचं घर, वर एक वाळलेली पाल! चोकवाली जुनी पट्टी असेल तर स्टार्टर बदलून बघ, स्वस्तातलं काम. एलईडी बंद केल्यावरही मंद पेटत असेल तर तोच न्यूट्रलचा घोळ असू शकतो, वायरमनला दाखव.

नवीन घेणारच असशील तर आयपी ६५ वाली, म्हणजे धूळ नि पाण्याचा फवारा आत न घेणारी बंद फिटिंग घे, आणि वायर खालून आत ने, वरून नेलीस तर पावसाचं पाणी वायर धरूनच आत उतरतं. ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी (करंट गळला की लगेच वीज तोडणारा स्विच) नसेल तर मिरगाआधी बसवून घे, पण ती वायरमनकडूनच हां.