कन्फर्मेशन ईमेलमध्ये 'हॅज बीन' लिहायचं की 'वॉज'?

काम झालंय आणि ते आत्ता लागू आहे, एवढंच सांगायचं असेल तर 'हॅज बीन': 'युअर बुकिंग हॅज बीन कन्फर्म्ड'. अशा ईमेलमध्ये बहुतेक वेळा हेच लागतं. पण वाक्यात होऊन गेलेली तारीख किंवा 'यस्टरडे' आलं, की 'वॉज' वापरा: 'युअर पेमेंट वॉज रिसीव्ह्ड यस्टरडे'. इथे 'हॅज बीन' चूक ठरतं. तरी सर्रास दिसतं, कारण मराठीत 'काल पैसे मिळाले आहेत' कुणाला खटकत नाही.

काम चालू असेल तर 'इज बीइंग प्रोसेस्ड', पुढे व्हायचं असेल तर 'विल बी शिप्ड'. अनेकवचनाला 'हॅव बीन'. क्रियापदाचं तिसरं रूपच हवं, म्हणजे 'हॅज बीन सेंट', 'सेंड' नाही. घाईत 'बीन' गाळून 'युअर ऑर्डर हॅज कन्फर्म्ड' लिहू नका. त्याचा अर्थ ऑर्डरनेच काहीतरी कन्फर्म केलं असा होतो!

आणि खरं सांगायचं तर प्रत्येक वाक्य पॅसिव्ह करायची गरजही नाही. 'वी हॅव रिसीव्ह्ड युअर पेमेंट' हे तितकंच औपचारिक आहे, शिवाय चुकण्याची शक्यता कमी.