जन्मापासूनचा पोटावरचा फुगा, आता ऑपरेशन होईल का?

प्रश्न : डॉक्टर, वय 27, सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात आहे. जन्मलो तेव्हा आतडं आणि लिव्हर बेंबीतून बाहेर पिशवीत होतं म्हणे, ऑपरेशन न करता औषध लावून लावूनच वर कातडी आणली. आता पोटावर नारळाएवढा फुगा आहे, गठ्ठा उचलला की ओढ बसते. आई म्हणते एवढी वर्षं निघाली, आता कशाला हात लावतो, त्यात लग्नाचं बघतायत. साधा हर्नियाच ना हा?

उत्तर : ऑपरेशन होतं, पण साधा हर्निया समजू नका. जन्मताना जे बाहेर पिशवीत होतं, त्याला ओम्फॅलोसील म्हणतात. पिशवी मोठी असली की बाळाच्या एवढ्याशा पोटात सगळं एकदम मावत नाही, म्हणून कातडी येऊ द्यायची, आजही करतात, तेव्हाच्या डॉक्टरांचं काही चुकलेलं नाही. फक्त कातडीखाली स्नायू नाहीत, ते दोन्ही बाजूंना राहिले, आणि लिव्हर बाहेरच वाढल्यामुळे आत जागाच कमी पडली. आता ते सगळं एका झटक्यात आत ढकलून शिवलं तर छातीचा पडदा वर दाबला जातो, श्वास अडतो, किडनीवरही ताण येतो. म्हणून घाईत, कुठल्याही छोट्या दवाखान्यात हे करून घेऊ नका.

आधी सीटी स्कॅन, फुप्फुसांची टेस्ट आणि टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी), कारण या दोषासोबत हृदयाचे दोषही बऱ्याचदा असतात. काही सर्जन ऑपरेशनच्या महिनाभर आधी पोटाच्या बाजूच्या स्नायूंत बोटॉक्स देतात, हो तेच सुरकुत्यांवालं, त्याने स्नायू सैल पडतात. मग स्नायूंचे थर एकमेकांपासून सोडवून मध्ये ओढतात (रामिरेझ या सर्जननी 1990 मध्ये मांडलेली पद्धत) आणि जाळी बसवतात. बिडी-सिगारेट असेल तर निदान महिनाभर आधी बंद, नाहीतर जखम चिघळते आणि जाळीसुद्धा काढायची पाळी येते. आणखी एक, तुमच्यासारख्यांत आतड्याची जागा बदललेली असू शकते, अपेंडिक्स डावीकडेही सापडतं, तेव्हा कुठलाही डॉक्टर पोट तपासताना जन्माची गोष्ट आधी सांगा.

लग्नाला यात काही आडकाठी नाही, मुलीकडच्यांना सरळ सांगून टाका. पट्टा बांधून काम करता येईल पण पट्ट्याने फुगा जात नाही, आणि लिव्हर कातडीखालीच असेल तर पोटावर मार लागू देऊ नका. गठ्ठे उचलणं मात्र आजच बंद करा, मुकादमाला सांगून दुसरं काम मागा. फुगा कडक होऊन दुखायला लागला, उलट्या झाल्या, गॅस अडकला तर सकाळची वाट न बघता सिव्हिल गाठा.